रिमोट चावी दुरुस्त करताना या चुका टाळा

"नवं कव्हर घातल्यापासून गाडी सुरूच होत नाहीये," असं म्हणत कुणी रिमोट चावी माझ्या टेबलावर ठेवली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : जुनं कव्हर कुठंय? "फेकून दिलं" असं उत्तर आलं की मला मनापासून वाईट वाटतं. बाकीचं काम त्या माणसाने व्यवस्थित केलेलं असतं. तुटक्या कव्हरातून सर्किट बोर्ड अलगद काढला, नव्यात बसवला, पाती बदलली, बटणं दाबून पाहिली, दारं उघडली-मिटली. जुन्या प्लॅस्टिकच्या एका खोबणीत चिकटून बसलेली चिंचोक्याएवढी काळी वडी तेवढी नजरेतून सुटली. ती वडी म्हणजे ट्रान्सपाँडर चिप. ती ओळखल्याशिवाय गाडी इंजिन सुरू होऊ देत नाही.

चावीच्या दुरुस्तीत होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे. आपल्या हातात एक चावी दिसते, पण आत दोन वेगळी कामं चाललेली असतात. एक छोटं रेडिओ यंत्र बटण दाबलं की दारांना संदेश पाठवतं. जगाच्या मोठ्या भागात ते ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतं, उत्तर अमेरिकेत आणि जपानमध्ये बऱ्याचदा ३१५ वर. त्याला सेल लागतो. दुसरी ती चिप. तिला सेल लागत नाही. पातीच्या चावीच्या गाडीत इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं एक वेटोळं असतं. त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून, बहुधा १२५ किलोहर्ट्झवर, चिप स्वतःपुरती ऊर्जा घेते आणि आपला क्रमांक सांगते. म्हणून सेल पूर्ण संपला तरी अशी गाडी सुरू होते. आणि चिप हरवली तर कितीही नवा सेल घाला, इंजिन पकडत नाही.

तेव्हा दार उघडत नाही ही एक तक्रार आणि इंजिन सुरू होत नाही ही वेगळी तक्रार. आपली कुठली, हे आधी ठरवा आणि मगच चावी उघडा. कव्हर बदलताना जुन्याची प्रत्येक खोबण उजेडात धरून तपासा. चिप कधी काळी वडी असते, कधी काचेची बारीक नळी, तर कधी थेट बोर्डावरच टाकलेली. नवी चावी पूर्ण चालल्याशिवाय जुनं कव्हर टाकायचं नाही.

दुसरी चावी न तपासताच पहिली उघडणं

घरात दुसरी चावी असते आणि ती कपाटात पडून असते. सर्वात आधी ती आणा. दुसऱ्या चावीनेही दारं उघडत नसतील तर दोष चावीत असण्याची शक्यता फारच कमी. गाडीची मोठी बॅटरी उतरली असेल, फ्यूज उडाला असेल किंवा चावीचा संदेश ऐकणारा गाडीतला रिसीव्हर बिघडला असेल. अशा वेळी चांगल्या चावीचं प्लॅस्टिक उचकटून काहीच साधत नाही.

एकाच जागी उभी असताना दोन्ही चाव्या मुक्या होतात आणि गाडी चार पावलं पुढे नेली की चालतात, असंही घडतं. जवळपास त्याच लहरींवर सतत काहीतरी बोलणारं यंत्र असेल तर चावीचा क्षीण आवाज त्यात बुडून जातो. जागा बदलून पाहायला एक मिनिट लागतं.

दुसरी चावी नीट चालली, तर पहिलीची लक्षणं बघा. पूर्वी लांबून उघडणारी गाडी आता दाराला टेकून उभं राहिल्यावरच उघडते : सेल. लॉक होतं पण अनलॉक होत नाही : त्या एका बटणाचा स्विच. हातातून पडल्या दिवसापासून काहीच नाही : बोर्डावरचा सोल्डरचा टाका निखळला असेल किंवा लहरी ठरवणारा क्रिस्टल तडकला असेल. एक इशारा मात्र लक्षात ठेवा. चावीवरचा लाल दिवा लुकलुकला म्हणजे संदेश गेला असं नाही. त्या दिव्यावरून सेल आणि बटणांचं काम बघणारी मुख्य चिप जिवंत आहेत एवढंच कळतं. रेडिओचा भाग मेलेला असतानाही दिवा छान लागलेला मी कितीदा पाहिला आहे.

सेल : सगळ्यात सोपं काम, सगळ्यात जास्त चुका

सेल बदलणं ही दोन मिनिटांची गोष्ट म्हणून कुणी लक्ष देत नाही, आणि नेमक्या तिथेच चांगल्या चाव्या बिघडतात.

मीटरने मोजून "सेल चांगला आहे" असं ठरवणं, ही पहिली चूक. लिथियमचा बटण सेल नुसता मोजला तर म्हातारा झाला तरी ३ व्होल्टच्या आसपास दाखवतो. नवा थोडा जास्त, ३.२ च्या घरात. खरी परीक्षा बटण दाबल्यावर होते. त्या क्षणी रेडिओला एकदम प्रवाह लागतो आणि थकलेल्या सेलचा व्होल्टेज धाडकन खाली येतो. मीटरच्या टोकण्या सेलच्या पत्र्यांना लावा, बटण दाबून धरा आणि आकडा बघा. बराच कोसळला तर सेल संपला. थंडीत हे जास्त जाणवतं : सकाळी न चालणारी चावी दुपारी चालते आणि माणूस गोंधळतो.

दुसरी चूक आकड्यांची. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर २०२५ ची जाडी २.५. व्यास तोच असल्याने तो जागेवर बसतो आणि वरचं ०.७ मिलिमीटरचं अंतर भरायला लोक कागदाची किंवा चंदेरी फॉइलची घडी कोंबतात. चार दिवस चालतं, मग घडी सरकते आणि कधी दोन्ही टोकं एकमेकांना जोडून टाकते. जुन्या सेलवर कोरलेला आकडा वाचा आणि तोच आणा. एलआयआर २०३२ दिसायला तसाच असतो, पण तो चार्ज होणारा आहे आणि भरल्यावर ४ व्होल्टच्या वर जातो. ३ व्होल्टसाठी बनवलेल्या बोर्डाला तो घालू नका. याच्या उलटही एक प्रकार आहे. बीएमडब्ल्यूच्या काही जुन्या चाव्यांमध्ये बोर्डावर टाकलेला, इग्निशनमध्ये असताना चार्ज होणारा सेल असतो. तिथे साधा सीआर सेल चिकटवला तर जो सेल चार्ज करायचाच नाही तो चार्ज होत राहतो.

नवा सेल घालूनही चावी मेलेलीच राहिली तर लगेच बोर्डाला दोष देऊ नका. आधी सेल धरणाऱ्या पत्र्याच्या जिभा बघा. जुना सेल उपसताना त्या दबून सपाट होतात आणि मग सेलला टेकतच नाहीत. लाकडी टोकाने किंचित वर उचला, फक्त किंचित, कारण दोन-तीनदा वाकवलेली जीभ मुळातून तुटते. हिरवट डाग असेल तर पेन्सिलीच्या रबराने हलकेच घासा. सेल धातूच्या चिमट्याने दोन्ही बाजूंनी धरू नका, तेवढ्यातच तो शॉर्ट होतो. बोटांनी धरलात तर कडेने धरा आणि बसवण्याआधी कोरड्या कापडाने पुसा. आणखी एक कारण पटकन ध्यानात येत नाही. मुलांनी सेल तोंडात घालू नये म्हणून काही कंपन्या त्यावर कडू लेप देतात. काही यंत्रांत जीभ नेमकी त्या लेपावर टेकते आणि जोडणी होत नाही. लेप नसलेला सेल घालून पाहिला की उलगडा होतो.

सेल काढला की चावी गाडीला विसरते, अशी भीती अनेकांना असते आणि त्यापायी ते महिनोन् महिने अर्धमेल्या सेलवर काढतात. बहुतेक चाव्यांची ओळख अशा स्मृतीत असते जी वीज गेली तरी पुसत नाही. निर्धास्त बदला. उघडल्याबरोबर आधी एक फोटो काढा म्हणजे अधिकची बाजू वर होती की खाली, हा प्रश्न उरणार नाही.

उघडताना

कव्हरात उघडण्यासाठी एक खाच दिलेली असते. ती सापडेपर्यंत जोर लावू नका. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला कापड गुंडाळा आणि उचकटू नका, फिरवा. पाती उडून बाहेर येणाऱ्या चावीत ताण दिलेली स्प्रिंग असते. ती सुटली की कुठे जाते ते दिसतसुद्धा नाही, आणि परत बसवताना नेमके किती पीळ होते ते आठवत नाही. असं कव्हर मोठ्या पिशवीच्या आत हात घालून उघडा.

बटणाचा स्विच आणि निखळलेले टाके

मला सर्वात समाधान देणारं काम हे. एरवी लोक ही चावी मेली म्हणून टाकून देतात.

बोर्ड बाहेर काढा, सेल जागेवर असू द्या. न चालणाऱ्या बटणाखाली चौकोनी इवलासा स्विच दिसेल. चार पाय असतील तर ते आतून दोन-दोन जोडलेले असतात. एका जोडीतला एक पाय आणि दुसऱ्या जोडीतला एक पाय चिमट्याच्या टोकांनी क्षणभर जोडा. दार खटकन उघडलं तर बाकी सगळं ठणठणीत आहे, स्विच तेवढा झिजलाय. नाहीच उघडलं तर भिंगाखाली टाके बघा. चांगला टाका चकचकीत किंवा किमान एकसंध दिसतो. तुटलेल्या टाक्यात पायाभोवती केसासारखी काळी रेघ गोल फिरलेली असते. भिंग थोडं तिरकं करून उजेड बाजूने पाडलात की ती रेघ उठून दिसते. सेलच्या जिभेचे टाके यात पहिले जातात, कारण चावी पडली की सेलचं वजन त्यांच्यावरच आदळतं.

टाका परत घालताना चूक होते ती जास्त वेळ तापवण्याची. सोल्डरिंगचं सुमारे ३५० अंश सेल्सिअसचं बारीक टोक, थोडा फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा लेप), दोन-तीन सेकंद, आणि बाजूला. जास्त तापलं की बोर्डावरची तांब्याची पट्टी सुटून येते आणि मग दुरुस्ती खरंच अवघड होते. सोल्डरिंग कधी केलं नसेल तर दुसऱ्या एखाद्या टाकाऊ बोर्डावर हात बसवा. स्वतःच्या चावीवर शिकू नका.

साफसफाईला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. नेलपॉलिश काढायचं द्रव किंवा थिनर नको, त्यातली ॲसिटोनसारखी द्रावकं कव्हरचं प्लॅस्टिक विरघळवतात.

भिजलेली चावी

चालते का म्हणून बटण दाबून पाहणं हीच चूक. ओल्या बोर्डात वीज खेळली की तांबं झिजायला लागतं. आधी सेल काढा. समुद्राचं किंवा साबणाचं पाणी असेल तर बोर्ड स्वच्छ पाण्याने, मग अल्कोहोलने धुवा, ब्रशने चिपांच्या खालपर्यंत, आणि हवेशीर जागी दिवसभर तरी वाळू द्या. तांदळात पुरल्याने क्षार निघत नाहीत, उलट पीठ आत जातं. हेअर ड्रायरची कडक उष्णताही नको.

"प्रोग्रॅमिंग गेलं" असं गृहीत धरणं

प्रत्येक वेळी बटण दाबल्यावर चावी वेगळा कोड पाठवते, आणि गाडी पुढचे कोणते कोड येऊ शकतात याचा हिशेब ठेवते. मुलांनी गाडीपासून दूर बटण खेळत दाबलं तर चावी पुढे निघून जाते आणि गाडी मागे राहते. बऱ्याच गाड्यांत वापरलेल्या एका पद्धतीत पुढचे १६ कोड थेट चालतात, त्यापुढे गेल्यास गाडीजवळ लागोपाठ दोनदा दाबलं की जुळतं. काही गाड्यांत इग्निशन चालू करून बटण दाबावं लागतं. आपल्या गाडीची पुस्तिका उघडा आणि त्यातलीच रीत वापरा. कुठेतरी ऐकलेली "दार तीनदा उघडा, चावी पाचदा फिरवा" छाप कृती दुसऱ्या मॉडेलची असते. काही गाड्या तर रिमोटची नव्याने नोंदणी, म्हणजेच प्रोग्रॅमिंग, सुरू करताच आधीच्या सगळ्या रिमोटची नोंद पुसतात. म्हणून नोंदणी करताना घरातल्या सगळ्या चाव्या जवळ ठेवा.

वापरलेली जुनी चावी विकत घेताना सांभाळा. अनेक चाव्या पहिल्या गाडीशी कायमच्या बांधलेल्या असतात आणि दुसरीशी जुळतच नाहीत. मागे छापलेला पार्ट नंबर, लहरींचा आकडा आणि चिपचा प्रकार, तिन्ही जुळले पाहिजेत.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीची गोष्ट थोडी वेगळी. तिथली चावी गाडीच्या हाकेला ओ देण्यासाठी सतत जागी असते. ती गाडीलगतच्या भिंतीवर टांगली तर सेल लवकर संपतो. टीव्ही, संगणक, चार्जर यांच्यापासूनही दूर ठेवा. सेल संपल्यावर दार उघडायला चावीच्या पोटात लपलेली पाती असते, आणि चावी स्टार्ट बटणाला किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागी टेकवली की गाडी तिला ओळखते. हे आजच, घराच्या दारात उभं असताना, एकदा करून बघा.

काम झाल्यावर जुना सेल टेबलावर तसाच ठेवू नका. चावीला अपुरा पडलेला सेलही लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकतो. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, थेट रुग्णालय गाठा. आणि सेल काढल्याबरोबर दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, मुलांचा हात पोचणार नाही अशा डबीत ठेवा, आणि डबी भरली की बॅटऱ्या गोळा करणाऱ्या ठिकाणी नेऊन द्या.