पश्चिमेची खिडकी आणि छज्जा: मॉडेलमध्ये ऊन कसं तपासायचं

रेव्हिटमध्ये (इमारतीचं त्रिमितीय मॉडेल बनवण्याचं सॉफ्टवेअर) आधी ठिकाण पुणे ठेवा आणि खरी उत्तर दिशा सर्व्हेच्या नकाशावरून लावा. चूक बहुधा इथेच होते: कागदाची वरची बाजू म्हणजे उत्तर असं धरलं जातं आणि सगळ्या सावल्या खोट्या पडतात. शेजारची इमारतही साध्या ठोकळ्याने घाला, कधी तिचीच सावली पुरते.

आता 1200 मिमी उंच खिडकी, वर लगेच 450 मिमीचा छज्जा. दक्षिणेला 21 मार्चच्या भर दुपारी काच पूर्ण झाकली जाते. तोच छज्जा पश्चिमेला लावून 21 एप्रिल, दुपारी साडेचारची सावली पाहा: जेमतेम 300 मिमी. उतरतं ऊन छज्जाखालून आत येतं, म्हणून तो लांबवू नका, काँक्रीट वाया जाईल. ऊन समोरूनच येतं, त्यामुळे सरळ उभ्या पट्ट्याही कुचकामी. तिरक्या पट्ट्या किंवा बाहेरून सरकती झडप द्या. खिडकीच लहान करता आली तर सगळ्यात उत्तम.