पीडीएफ बिलावरून लोगो गायब: डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ ०.१२.६ चा माझा अनुभव

डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ (एचटीएमएल पानाची पीडीएफ बनवणारं साधन) ०.१२.५ वरून ०.१२.६ वर नेलं आणि आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून निघणारं प्रत्येक बिल उघडंबोडकं दिसू लागलं. लोगो नाही, रकान्यांच्या रेघा नाहीत, ग्राहकाच्या मराठी नावाच्या जागी रिकामे चौकोन. फाँट पुन्हा टाकून पाहिला, कॅश साफ केली, टेम्प्लेट जुनं लावलं, फरक शून्य. दोन रात्री यातच गेल्या, अगदी रडकुंडीला आलो होतो.

शेवटी सॉफ्टवेअर बिल बनवायला जी कमांड वापरतं तीच टर्मिनलवर हाताने चालवली, तेव्हा ओळ दिसली: ‘ब्लॉक्ड ॲक्सेस टू फाइल’. ०.१२.६ पासून सर्व्हरवरच्या स्थानिक फायली वाचायला डीफॉल्टने, म्हणजे आपण वेगळी परवानगी दिली नाही तर, बंदी आहे. लोगो, सीएसएस (पानाची मांडणी ठरवणारी फाइल), फाँट, सगळं तिथेच अडलं होतं.

उपाय असा: आधी कमांडला ‘--व्हर्जन’ देऊन उत्तरात ‘विथ पॅच्ड क्यूटी’ (क्यूटी या लायब्ररीची सुधारित आवृत्ती) आहे ना ते बघा; नसेल तर हेडर-फूटर छापले जाणार नाहीत. मग लोगो, सीएसएस आणि फाँट एकाच फोल्डरमध्ये हलवा, टेम्प्लेटमधले पत्ते बदला. कमांडमध्ये इनपुट फाइलच्या आधी ‘--अलाऊ’ आणि त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहा. सर्व्हिस रीस्टार्ट करा.

‘--इनेबल-लोकल-फाइल-ॲक्सेस’नेही काम होतं, पण त्याने सर्व्हरवरच्या इतर फायलीही वाचायला मोकळ्या होतात. बिलात ग्राहकाने भरलेला मजकूर येत असेल तर ते नकोच.