परदेशात रूम ठरवताना या चुका टाळा

जर्मनीत हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. व्हिसा हातात पडेपर्यंत बऱ्याचदा सप्टेंबर उजाडतो आणि मग जुळे सोलापूर असो की साखर पेठ, घरात एकच घोर लागतो: पोरगं उतरणार कुठं? सगळ्यात महागडी चूक याच घाईत होते. फेसबुकवर स्वस्त रूम दिसते. मालक म्हणतो, मी सध्या दुसऱ्या देशात आहे, डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरनं येईल. घरचे पैसे पाठवून मोकळे होतात आणि चावी कधीच येत नाही. ओळखीच्या कुणी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय, निदान लाइव्ह व्हिडिओ कॉलवर रस्ता, दारावरचा नंबर आणि आतली रूम सलग दाखवल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. आधी काढून ठेवलेला व्हिडिओ चालणार नाही.

खरं तर व्हिसाची वाट पाहत बसणं हीच मूळ चूक. 'श्टुडिरेंडनवेर्क' या विद्यार्थी सेवा संस्थेच्या सरकारमान्य वसतिगृहांची वेटिंग लिस्ट कित्येक शहरांत काही महिन्यांची असते. प्रवेशाचं पक्कं होताच, जमलं तर त्याआधीच, अर्ज टाका.

जाहिरातीतलं भाडं 'काल्ट' की 'वार्म' हे विचारायला पुष्कळजण विसरतात. 'काल्ट' म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. हीटिंग, पाणी वगैरे धरून होतं ते 'वार्म'. वीज आणि इंटरनेट त्यातही नसू शकतं. ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेलं, दरमहा ठरावीक रक्कमच देणारं खातं) महिन्याला मिळणारे ९९२ युरो (२०२४च्या सप्टेंबरपासूनचा आकडा) समोर ठेवून हिशेब मांडा. डिपॉझिट काल्ट भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त मागता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत भरायचा हक्क कायद्यानं दिलाय. एकदम कर्ज काढून भरू नका.

राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं. नोंदणीला नकार देणारी जागा कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. पुढं रेसिडेन्स परमिट अडकतं. तात्पुरती जागा घेतानाही हे आधीच विचारा.

इंग्लंडला जाणाऱ्यांनी चौघांत मिळून एकच करार करताना जपावं. एकानं भाडं थकवलं तर ते बाकीच्यांकडून वसूल होऊ शकतं. सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर काउन्सिल टॅक्स (तिथली घरपट्टी) लागत नाही, पण युनिव्हर्सिटीचं प्रमाणपत्र लागू शकतं.

बुरशीचं मात्र आपल्याकडच्या मुलांना सुचतच नाही. सोलापूरच्या कोरड्या उन्हात दोरीवरची जाड चादरही दुपारपर्यंत कडक वाळते. तिथं थंडीत खिडक्या बंद करून रूममध्येच कपडे वाळत घातले, की ओल भिंतीत बसते, कोपरे काळे पडतात आणि खर्च डिपॉझिटमधून कापला जातो. हीटर बंद करून दिवसातून दोन-तीनदा खिडकी पाच-दहा मिनिटं सताड उघडा. रूममध्ये शिरताच कोपरे, खिडक्यांच्या चौकटी आणि गादीखालचा भाग यांचे फोटो काढून घरमालकाला ईमेल करा, म्हणजे आधीचे डाग तुमच्या नावावर लागणार नाहीत.

आणि शेंगाची चटणी. प्रत्येक बॅगेत असतेच, असावीही. फक्त स्वयंपाकघर सामायिक असेल तर डबा उघडण्याआधी शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का ते विचारा. काहींच्या ती जिवावर बेतते. तसं कुणी असेल तर चटणी आपल्या रूममध्ये ठेवा आणि खाल्लेलं ताट, चमचा लगेच साबणानं धुऊन घ्या.