प्रेक्षकाने पेटवायचे अग्निशिल्प महोत्सवात सुरक्षितपणे कसे चालवावे

रांगेतला कोणी अनोळखी माणूस पुढे येतो, बटण दाबतो आणि क्षणार्धात ज्वाळेचा लोळ त्याच्या डोक्यावरून उंच झेपावतो. गॅसवर चालणाऱ्या अशा मांडणशिल्पाचे सगळे आकर्षण त्या बटणात असते आणि मोठ्यात मोठी अडचणही तिथेच असते. बटण दाबणाऱ्याने काय घातले आहे, तो भानावर आहे का, त्याचे मूल त्याच क्षणी कठड्याखालून आत शिरते आहे का, यांतले काहीही आपल्याला आधी ठाऊक नसते. म्हणून प्रेक्षकाच्या बटणाला विनंतीचाच अधिकार असावा आणि मंजुरी नेहमी चालकाच्या हातात राहावी.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा, की चालकाचा स्विच आणि प्रेक्षकाचे बटण विजेच्या एकाच मंडलात एकापुढे एक जोडलेले असावेत आणि दोन्ही एकाच वेळी दाबलेले असतील तेव्हाच गॅसचा मुख्य व्हॉल्व उघडावा. चालकाचा स्विच दाबून धरावा लागणाऱ्या प्रकारचा असावा, म्हणजे हात सुटला, चालक घसरून पडला किंवा घाबरून मागे सरला तरी ज्योत आपोआप विझेल. एकदा खटका पाडला की चालूच राहणारा स्विच या कामाला कधीही वापरू नये. शिवाय संपूर्ण यंत्रणेला किल्लीचे कुलूप असावे, कारण रात्री उशिरा मांडणीजवळ कोणी नसताना बटण दाबून पाहण्याचा मोह अनेकांना होतो.

गॅस सोडणारे सोलेनॉइड व्हॉल्व वीज असतानाच उघडणारे आणि वीज गेली की स्प्रिंगच्या जोराने मिटणारे असावेत. कचरा अडकून एखादा व्हॉल्व पूर्ण मिटत नाही असे घडते, म्हणून असे दोन व्हॉल्व एकामागोमाग बसवावेत आणि त्यांच्या अलीकडे हाताने बंद करता येणारा बॉल व्हॉल्व ठेवावा, ज्याची दांडी नळीला आडवी असली की तो बंद असतो. बटण अडकून बसले तरी झोत काही सेकंदांत थांबावा यासाठी वेळमर्यादेचा रिले लागतो. आणीबाणीचे लाल बटण किमान दोन ठिकाणी हवे, एक चालकाजवळ आणि दुसरे सिलिंडरांच्या बाजूला. ते दाबल्यावर वीज थेट तारेतूनच तुटली पाहिजे. हे काम संगणकीय नियंत्रकावर किंवा बिनतारी रिमोटवर सोपवू नये, कारण ज्या क्षणी त्याची गरज पडते त्याच क्षणी ते बंद पडलेले असू शकते. लाल बटण पूर्ववत केल्यावर ज्योत आपणहून पुन्हा पेटता कामा नये.

मुख्य झोत पेटवण्यासाठी सतत जळत ठेवलेल्या छोट्या ज्योतीकडे, म्हणजे पायलट ज्योतीकडे, नवशिके दुर्लक्ष करतात, आणि खरा घात तिथे होतो. पायलट विझलेली असताना मुख्य व्हॉल्व उघडला, तर न जळलेल्या गॅसचा ढग जमतो आणि नंतर कुठल्या तरी ठिणगीने एकदम भडकतो. अशा शिल्पांत वापरला जाणारा प्रोपेन वायू हवेच्या सुमारे दीडपट जड असल्यामुळे तो वर उडून जात नाही, तर खड्ड्यात, गटारात, मंचाखालच्या पोकळीत साचतो, आणि हवेत त्याचे प्रमाण साधारण २ ते ९.५ टक्क्यांच्या दरम्यान असले की पेट घेतो. त्यामुळे पायलट जळत असल्याची खात्री थर्मोकपलसारख्या, ज्योतीची उष्णता ओळखणाऱ्या संवेदकाकडून मिळेपर्यंत मुख्य व्हॉल्वला वीजच मिळू नये. पायलट विझलीच, तर सगळे बंद करून किमान पाच मिनिटे थांबावे आणि वास पूर्ण गेल्यावरच पुन्हा पेटवावे. रांग मोठी असताना ही पाच मिनिटे फार लांब वाटतात, तरीही थांबावे.

सिलिंडर मोकळ्या हवेत, उभे, साखळीने बांधलेले आणि ज्योतीपासून व प्रेक्षकांपासून दूर कुंपणात असावेत. आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रव बाहेर पडतो, आणि द्रव प्रोपेन वायू होताना सुमारे २७० पट फुगत असल्याने बर्नरवर आवाक्याबाहेरचा भडका उठतो. सलग मोठे झोत सोडले की सिलिंडर गार पडतो, त्यावर हिम धरते आणि दाब उतरतो. अशा वेळी त्याला ज्योतीने किंवा हीटरने ऊब देऊ नये. आधीच अधिक सिलिंडर एकत्र जोडून भार वाटून घ्यावा. नळ्या गॅससाठीच बनवलेल्या असाव्यात, त्या पायवाटेवरून नेऊ नयेत आणि प्रत्येक सांधा रोज साबणाच्या पाण्याने तपासावा. बुडबुडा दिसला की त्या दिवशीचा खेळ सांधा दुरुस्त होईपर्यंत थांबवावा. काडी पेटवून गळती शोधणारे महाभाग अजूनही भेटतात. त्यांना या कामापासून लांब ठेवलेले बरे.

प्रेक्षकांना ज्योतीपासून दूर ठेवणारे रिंगण आखताना वारा नसतानाची सरळ ज्योत गृहीत धरू नये, तर वाऱ्याने सर्वांत जास्त वाकलेली ज्योत धरावी. लहान ज्योतीपासूनचे अंतर दुप्पट केले की अंगावर येणारी उष्णता साधारण चौथाईवर येते, पण माणूस उंच ज्वाळेच्या अगदी निकट असेल तर हा हिशेब लागू पडत नाही. त्यामुळे चाचणी स्वतःच्या अंगावर घ्यावी: बटणाच्या खांबापाशी उभे राहून सर्वांत लांब झोत अनेकदा सोडावा, आणि चेहरा फिरवावासा वाटला तर खांब मागे न्यावा. बटण जमिनीत पक्क्या रोवलेल्या खांबावरच असावे, नाहीतर गर्दी ते पुढे ओढते. माथ्यावर तारा, फांद्या, पताका, तंबूचे कापड नसावे. कोणत्या वेगाच्या झुळकीला काम थांबवायचे, हे दुपारीच वारामापक हातात घेऊन लिहून ठेवावे, कारण रात्री लोक टाळ्या वाजवत असताना तो निर्णय कोणालाच घेववत नाही. छताखाली हा खेळ करूच नये. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील वेस्ट वॉर्विक येथील एका नाइटक्लबमध्ये मंचावरील आतषबाजीने भिंतीवरील फोमला आग लागली आणि १०० माणसे दगावली.

चालकाने दुसरे कोणतेही काम करू नये: फोटो नाही, गप्पा नाहीत, मद्याचा थेंबही नाही. त्याची नजर ज्योतीवर कमी आणि माणसांवर अधिक असावी, आणि तास-दीड तासाने त्याला बदली मिळावी. रिंगणाच्या कडेने फिरणारे रक्षक आणि हाताशी अग्निशामक घेऊन उभा असलेला एक माणूस वेगळे हवेत. संगीताच्या गदारोळात हाक ऐकू येत नाही, म्हणून दोन्ही हात डोक्यावर आडवे धरणे अशी थांबण्याची एखादी खूण ठरवावी. ती खूण कोणीही करू शकतो. पुन्हा सुरू करण्याचा अधिकार मात्र एकट्या चालकाचा असतो.

प्रेक्षकाला आत घेताना रक्षकाने आधी त्याचे कपडे पाहावेत. पॉलिएस्टर आणि नायलॉन वितळून कातडीला चिकटतात, सुती कापड निदान वितळत नाही. पिसे, कृत्रिम केस, लोंबणारी ओढणी, पाठीवरचे पंख काढून ठेवायला सांगावे. हातांना नुकतेच अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर लावले असेल, तर ते पूर्ण वाळू द्यावे. एका वेळी एकच माणूस, आणि झिंगलेला असेल तर नम्रपणे पण ठाम नकार.

गॅसच्या आगीवर अग्निशामक मारून ज्योत विझवणे हा धोकादायक चुकीचा प्रतिसाद आहे, कारण गळती चालूच राहते आणि पुढचा भडका मोठा होतो. आधी गॅस बंद करावा, मग आजूबाजूला पेटलेल्या वस्तूंकडे वळावे. त्यांच्यासाठी कोरड्या पावडरीचा एबीसी प्रकारचा अग्निशामक, गवतासाठी पाणी आणि माणसासाठी अग्निरोधक चादर ठेवावी. कपडे पेटलेल्याला पळू न देता आडवे पाडून लोळवावे. भाजलेल्या जागी २० मिनिटे थंड वाहते पाणी सोडावे, अंगठ्या व घड्याळ सूज येण्याआधी काढावे. बर्फ, तूप, टूथपेस्ट लावू नये.

परवानगीसाठी अग्निशमन अधिकाऱ्यांकडे जाताना गॅसमार्गाचे रेखाचित्र आणि आणीबाणीची लेखी योजना न्यावी. प्रेक्षकांसमोरच्या ज्वालाप्रयोगांसाठी अमेरिकेत तिथल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेचे (एनएफपीए) ‘एनएफपीए १६०’ हे मानक आहे. स्थानिक नियम त्याहून वेगळे असले तरी तपासणीची यादी करायला ते उपयोगी पडते.

बंद करतानाचा क्रम सर्वांत जास्त चुकतो. सिलिंडर बंद केला तरी झोतासाठी गॅस साठवणाऱ्या टाकीत आणि नळ्यांत दाबाखालचा गॅस उरतोच. त्यामुळे पायलटचा गॅस वेगळ्या नळीवर ठेवून, आधी मुख्य सिलिंडर बंद करावा, पायलट जळत असतानाच उरलेला गॅस छोट्या छोट्या झोतांनी जाळून टाकावा, दाबमापक शून्यावर आल्यावर पायलट विझवावी आणि शेवटी वीज तोडावी. धातू बराच वेळ तापलेला राहतो, म्हणून किमान अर्धा तास रिंगणाचा दोर काढू नये आणि एकाने तिथे थांबावे. किल्ली चालकाने स्वतःच्या खिशात घालून न्यावी.