काठावरची योजना कागदावर असतानाच कशी तपासायची

तलावाच्या किंवा नदीच्या काठावर बोटिंग, वॉकवे, फूड कोर्ट आणि मागे फ्लॅटचे टॉवर असं रंगीत चित्र पेपरात आलं की बडोद्यात दोन गोष्टी ऐकू येतात. काही म्हणतात, "वा, आता अहमदाबादसारखं होणार." बाकीचे म्हणतात, "खाणार आता सगळे." पुढे दोघंही पान उलटतात. मी नोकरीभर एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या ऑफिसात ड्रॉइंग काढली, तेव्हा एवढं खात्रीनं सांगते की त्या चित्राला फार महत्त्व देऊ नका. खरी योजना टेंडरसोबतच्या नकाशांत असते, आणि ते नकाशे मागायचा हक्क तुम्हाला आहे. मात्र जेसीबी यायच्या आधी मागा. एकदा खड्डा पडला की प्रत्येक प्रश्नाचं उत्तर "आता खर्च झालाय" हेच असतं.

आधी जमीन बघा. सर्व्हे नंबर कोणता, टीपी स्कीममध्ये, म्हणजे नगररचना योजनेत, फायनल प्लॉट कोणता, आरक्षण कशाचं? टीपीचा मसुदा प्रसिद्ध झाला की १९७६ च्या गुजरात नगररचना कायद्याप्रमाणे हरकतीसाठी एक महिना मिळतो. हरकत लेखी द्या, आणि गुजरातीत द्या. आपण घरात मराठी बोलतो, भाजीवालीशी फर्डं गुजराती बोलतो, पण लिहायची वेळ आली की पेन अडतं. शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला बसवा. खंडेराव मार्केटच्या इमारतीत, म्हणजे महापालिकेच्या कार्यालयात, अर्ज द्याल तेव्हा आपल्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मग माहिती अधिकार. गुजरातेत फी २० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. इथे लोक हमखास चुकतात ते प्रश्नाच्या घडणीत. "हे काम का चाललंय?" असं विचारलं तर "ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही" एवढंच उत्तर येतं, आणि ते कायद्याला धरून असतं. कागद त्याच्या नावानं मागा: वर्क ऑर्डरची प्रमाणित प्रत, खासगी भागीदाराशी झालेला करारनामा सर्व परिशिष्टांसह, मंजूर ले-आउट, एल-सेक्शन आणि क्रॉस-सेक्शन (काठाचे लांबीतले आणि आडवे छेद), मेजरमेंट बुकाची, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमापाच्या वहीची, पानं. करार खासगी असल्याचं कारण सांगून अख्खी फाइल नाकारली, तर कलम १० दाखवा. गोपनीय भाग झाकून उरलेला द्यावाच लागतो. ३० दिवस उलटले तर कलम ७(६) प्रमाणे तीच माहिती फुकट मिळते. पहिलं अपील पुढच्या ३० दिवसांत करा. "बेन, फाइल साहेब पासे छे" हे कुठल्याही सरकारी खिडकीवर ऐकायची तयारी ठेवा, आणि तेही तारखेसकट वहीत लिहून ठेवा.

याच कायद्याचं कलम २(जे) फारसं कुणी वापरत नाही. चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरल्या जाणाऱ्या मालाचा प्रमाणित नमुना घेण्याचा हक्क त्यात आहे. काँक्रीटबद्दल शंका असेल तर भांडत बसण्यापेक्षा हे कलम लिहून अर्ज द्या.

आता माझ्या आवडीचा भाग, लेव्हल. काळा घोडा पुलापाशी आपल्या विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट धरतात. ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं. त्या पुराची चिखलाची रेघ अजून कित्येक सोसायट्यांच्या भिंतींवर दिसते. ती रेघ पुसू नका, रंगकाम करणाऱ्यालाही पुसू देऊ नका. तिच्यावर ऑइलपेंटनं आडवी खूण करा आणि बाजूला तारीख घाला. क्रॉस-सेक्शनच्या शीटवर एचएफएल म्हणून एक तुटक रेघ असते, म्हणजे आजवरच्या पुराची सर्वांत वरची पातळी. ती कोणत्या वर्षाची धरली आहे ते शोधा. २०२४ च्या आधीची असेल तर तुमच्या हातात पहिला ठोस मुद्दा आला.

भिंतीवरची खूण नव्या इमारतीच्या जागेपर्यंत नेता येते, त्याला इंजिनिअर लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, तिच्यात पाणी भरा, मधे बुडबुडा राहू देऊ नका. एकानं एक टोक खुणेशी धरायचं, दुसऱ्यानं दुसरं टोक जागेवर रोवलेल्या बांबूशी. दोन्ही टोकांतलं पाणी स्थिर झालं की बांबूवर खूण करा. लांब अंतर असेल तर टप्प्याटप्प्यानं पुढे सरका. आता नकाशातल्या प्लिंथची, म्हणजे जोत्याची, उंची त्या खुणेशी ताडून बघा. प्लिंथ खुणेखाली निघाली तर पूर तळमजल्यात शिरणार. खुणेच्या वर निघाली तरी समाधान मानू नका. मग भराव किती घातला ते विचारा. पूरपट्ट्यात माती टाकून एक प्लॉट उंच केला की तेवढं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जातं. आमच्या कारेलीबागेसारख्या काठालगतच्या वस्तीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पर्यावरण मंजुरीबाबत एक गैरसमज फार आहे. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाला मंजुरी लागते, पण अशा बांधकाम प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेत जनसुनावणीतून सूट आहे. तेव्हा "सुनावणीला बोलू" म्हणून थांबलात तर थांबूनच राहाल. मंजुरी आणि तिच्या अटी परिवेश या सरकारी पोर्टलवर बघा, मग दर सहा महिन्यांचा अनुपालन अहवाल मागा. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलाची मुदत ३० दिवस आहे. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. गुजरातचं काम पुण्याच्या खंडपीठाकडे जातं, आणि पुण्यात उतरायला कुणाची तरी आत्या-मावशी असतेच. याच न्यायाधिकरणानं २५ मे २०२१ ला विश्वामित्रीबद्दल आदेश दिलेला आहे. तो वाचून ठेवा, पत्रात तारखेसकट उल्लेख करा.

मगरीही विसरू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत आहे. उन्हाळ्यात ती मातीच्या उतारावर खड्डा खणून अंडी घालते. तो सगळा उतार दगडांनी बांधून काढायचा असेल तर वनखात्याचं पत्र फाइलीत आहे का, एवढं विचारा.

बोटिंग असेल तर हरणी आठवा. १८ जानेवारी २०२४ ला मोटनाथ तलावात सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. म्हणून बोटीची क्षमता, लाइफ जॅकेटची संख्या, तपासणी कोण करणार आणि किती दिवसांनी, हे करारात कोणत्या पानावर लिहिलंय ते मागा. पान नसेल तर तसं लेखी घ्या. धक्क्यावर क्षमतेची पाटी लागेपर्यंत पाठ सोडू नका.

राहिली घरं. जुनी इमारत पाडून नवी बांधायची असेल आणि ती २५ वर्षांहून जुनी असेल, तर गुजरातेत आता ७५ टक्के सभासदांची संमती पुरते. म्हणजे उरलेल्या पंचवीस टक्क्यांतल्या आजोबांनी "मी सही करणार नाही" म्हटल्यानं काम अडणार नाही. त्यांचा जोर करारातल्या अटींवर लागला पाहिजे. बांधकाम चालू असताना बाहेर राहायचं भाडं किती आणि कुठवर, कार्पेट एरिया किती, ताबा कधी, उशीर झाला तर दंड किती. विक्रीच्या फ्लॅटसाठी बिल्डरला रेराची, म्हणजे स्थावर मालमत्ता नियामकाकडची, नोंदणी लागते. तिथे दर तिमाहीला प्रगती टाकावी लागते आणि खरेदीदारांकडून आलेल्या रकमेचे ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. वस्तीच्या पुनर्वसनात पात्र कुटुंबांची यादी लागली की बायकांची नावं आधी वाचा. विधवा, भाडेकरू आणि एकाच खोलीतली दोन चुली असलेली कुटुंबं तिथेच गळतात.

हे सगळं एकट्यानं करू नका. एक जण फाइल सांभाळेल, एक जण दर आठवड्याला एकाच जागेवरून फोटो काढेल, एक जण मुदती कॅलेंडरवर लिहील. नकाशा लोकांसमोर मांडायला सोसायटीच्या गणपतीच्या मांडवासारखी जागा नाही. आरतीनंतर दहा मिनिटं मागा, त्याच्याहून जास्त मागू नका, प्रसादाची घाई असते.

काम पुरं होऊन फीत कापली तरी फाइल बंद करायची नाही. टेंडरमध्ये डिफेक्ट लायबिलिटीची मुदत दिलेली असते, म्हणजे तेवढ्या काळात बिघडलेलं ठेकेदारानं आपल्या खर्चानं दुरुस्त करायचं. ती कोणत्या तारखेला संपते ते शोधा, पहिल्या पावसात काठावर फिरून भेगा, खचलेल्या फरशा आणि तुंबलेली गटारं फोटोसकट नोंदवा, आणि मुदत संपायच्या निदान दोन महिने आधी पत्र स्पीड पोस्टानं टाका.