वासराचा सांधा सुजला तर आधी बेंबी पाहा

पहिल्या चार आठवड्यांतले वासरू लंगडू लागले आणि त्याचा गुडघा सुजला, की गाईचा पाय पडला असेल असे समजून लेप लावला जातो. मार लागला असेल, तर सहसा एकच सांधा सुजतो, ताप नसतो आणि वासरू दूध पीत राहते. याउलट एकामागून एक सांधे सुजले, सुजेला हात लावल्यावर ती गरम लागली, वासरू उठण्याची टाळाटाळ करू लागले आणि गुदद्वारातून घेतलेला ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, तर सांध्यात जंतूंचा संसर्ग झाला आहे असे धरून चालावे. सूज एकाच सांध्याला असली तरी सोबत ताप असल्यास हाच संशय घ्यावा.

हे जंतू बहुधा बेंबीतून शिरतात. ओल्या नाळेतील रक्तवाहिन्या थेट यकृताकडे आणि मूत्राशयाकडे जात असल्यामुळे शेण-मुताने माखलेल्या जमिनीवरील जंतूंना रक्तात पोहोचण्यास वेळ लागत नाही, आणि रक्तातून ते सांध्यांत जाऊन बसतात. म्हणून बेंबी चिमटीत धरून तपासावी. ती जाड, गरम किंवा दुखरी असेल, किंवा तिला दुर्गंधी येत असेल, तर रोगाचे मूळ तिथे आहे. मात्र वरून कोरडी दिसणारी बेंबीही आतून पिकलेली असू शकते. दाबल्यावर आत जाणारी मऊ सूज अंतर्गळाची असू शकते, तिला घरी सुई किंवा पाते लावू नये.

पशुवैद्यकाला त्याच दिवशी बोलवावे. महाराष्ट्रात फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. सुरुवातीला प्रतिजैविकांनी काम भागते, पण पू घट्ट होऊन कूर्चा (सांध्यातील हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) झिजू लागल्यावर सांधा आतून धुवावा लागतो आणि तरीही पाय कायमचा आखडू शकतो. उपचार दीर्घकाळ चालतो. दोन-तीन इंजेक्शनांनंतर वासरू चालू लागले म्हणून तो थांबवणे हेच रोग उलटण्याचे नेहमीचे कारण असते. सांधा फोडू नये आणि तापल्या लोखंडाचा डाग तर मुळीच देऊ नये, कारण त्याने पू बाहेर येत नाही, फक्त आणखी एक जखम होते. वेदनाशामक म्हणून डायक्लोफेनॅक वापरू नये. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, कारण हे औषध दिलेल्या जनावराचे मढे खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकवरही २०२३ मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित असून त्याची मात्रा पशुवैद्यकाने ठरवावी. उठू न शकणाऱ्या वासराला कोरड्या पेंढ्यावर ठेवून काही तासांनी कूस बदलावी आणि दूध त्याच्या तोंडाशी न्यावे.

खरा बचाव मात्र जन्माच्या दिवशीच होतो. गाई-म्हशींच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये पिलात जात नाहीत. ती केवळ चिकातून मिळतात, आणि ती शोषण्याची आतड्याची क्षमता तासागणिक घटत सुमारे २४ तासांत संपते. त्यामुळे वार पडेपर्यंत चीक न पाजण्याची रीत घातक आहे. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे २५ किलोच्या वासराला अडीच लिटर चीक पहिल्या दिवसात मिळावा आणि त्याचा मोठा भाग पहिल्या दोन तासांतच पोटात जावा. खरवस उरलेल्या चिकाचा करावा. तो पुरेसा उरतोही.

नाळ आपोआप तुटू द्यावी. फार लांब लोंबत असल्यास बेंबीपासून सुमारे दोन इंच सोडून उकळलेल्या दोऱ्याने बांधून, निर्जंतुक कात्रीने गाठीच्या खाली कापावी. नंतर लहान वाटीत ७ टक्के टिंक्चर आयोडीन घेऊन नाळ मुळापर्यंत बुडवावी. नुसता बोळा फिरवल्याने औषध आत पोहोचत नाही. नाळ वाळेपर्यंत दिवसातून दोनदा हे करावे आणि वाटीतले उरलेले औषध दुसऱ्या वासराला न वापरता टाकून द्यावे. एकाच हंगामात दुसरे वासरूही सुजलेल्या सांध्याचे निघाले, तर व्यायची जागा बदलावी किंवा तिथला ओला थर खरवडून, चुना टाकून, ती पूर्ण कोरडी होऊ द्यावी.