बैठकांनंतर मांड्या भरून आल्यावर काय करावं

पहिल्याच दिवशी तालमीत शंभर बैठका मारल्या तर त्या दिवशी फारसं काही जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र जिना उतरताना कठडा धरावा लागतो. हे दुखणं १२ ते २४ तासांनी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि आठवड्याभरात जातं.

‘लॅक्टिक ॲसिड (व्यायामात स्नायूंत तयार होणारं आम्ल) साठलं म्हणून दुखतं’ हा समज सोडून द्या. ते व्यायामानंतर तास-दीड तासात निघून जातं, मग परवा कशाने दुखेल? खरी गोष्ट अशी की स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, तेव्हा त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि ती भरून येताना आतून सूज, ठणका येतो. बैठकीत खाली जाणं, जोर मारताना छाती जमिनीकडे नेणं, उतारावर पळणं, ही त्याची मुख्य ठिकाणं. सायकलीने मांड्या एवढ्या भरत नाहीत, त्याचंही कारण हेच.

आधी दुखणं ओळखा. दोन्ही मांड्या सारख्या, पसरट दुखत असतील तर काळजी नको. व्यायाम चालू असतानाच चमक भरली, एकाच जागी बोट ठेवून दाखवता येतं, काळंनिळं पडलंय किंवा सांधा सुजलाय, तर ती दुखापत आहे. तिथे चोळू नका, डॉक्टरांना दाखवा.

साध्या दुखण्यात पडून राहू नका. सकाळी उन्हाच्या आत आपल्या सोलापुरातल्या संभाजी तलावाच्या बाजूने १५-२० मिनिटं सावकाश चाला. चालेपर्यंत तरी हमखास हलकं वाटतं. दुसऱ्या दिवसापासून शेक घ्यायला हरकत नाही. सोलापुरी टॉवेल गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळा, मनगटाला लावून पाहा आणि मांडीवर १५ मिनिटं ठेवा. तेल लावून हलक्या हाताने चोळलं तरी आराम पडतो, पण कोपराने रगडून घेऊ नका, इजेत भर पडते. थंड पाण्यात पाय बुडवायचे तर पाणी १० ते १५ अंशांचं हवं, वेळ दहा मिनिटं. एप्रिल-मे महिन्यात आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्यासाठी निरुपयोगी. बर्फ घालावाच लागतो. स्ट्रेचिंगने हे दुखणं फारसं कमी होत नाही.

नियमित व्यायाम करणाऱ्या ६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ७५ ते ९५ ग्रॅम प्रथिनं लागतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम असतात खरी, पण भाकरीसोबत दोन चमचे शेंगाचटणीने ती भरत नाहीत. उसळ, दही, अंडी जोडीला घ्या.

दुखणं थांबवणारी गोळी खाऊन पुन्हा आखाड्यात उतरू नका. घाम जाऊन पाणी कमी झालेलं असताना आयब्युप्रोफेनसारखी औषधं मूत्रपिंडाला त्रास देतात.

दुखणं ओसरलं की दहा-दहाच्या तीन फेऱ्यांनी सुरू करा, नंतर दर आठवड्याला थोड्या वाढवा. स्नायू एकदा सरावला की पुढचे काही आठवडे त्याच व्यायामाने इतकं दुखत नाही.

एक खूण मात्र अजिबात अंगावर काढू नका: लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, मांड्या टणक सुजल्या, पायातली ताकद गेली, तर स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटून मूत्रपिंडावर ताण आलेला असू शकतो. उन्हात अतिव्यायाम केल्यावर हा धोका वाढतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि किती बैठका मारल्या ते डॉक्टरांना सांगा.